कणत्वरक आणि त्याचे संगणकातील गणित

महोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळींकडून आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस लांब जावे लागले नाही. तो वर्गातच मिळाला. वासोण्याचे नाव बाहेरगावच्या माणसांस ठाऊक झाले ते येथील सिंहसफारीमुळे. परंतु आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांचे वडील, काका वा थोरले भाऊ सिल्वासा परिसरातील कारखान्यांत कामास आहेत, आणि मुलांच्या प्रश्नांत सिंहांपेक्षा कारखानेच अधिक डोकावतात. दहावीच्या एका मुलाने एके दिवशी विचारले, "सर, माझ्या काकांच्या कंपनीत डब्याचा साचा पोलादात कापण्याआधी संगणकावर चालवून बघतात. मग ते अणूतले कण पळवणारे यंत्र, तेही आधी संगणकावरच चालवतात का? आणि तिथे चालले म्हणजे खरोखर चालतेच का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' एवढेच आहे. दुसऱ्याचे उत्तर देता देता तासिका संपली, घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. त्या अर्ध्या उत्तराचा उरलेला भाग आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विद्युत्‌भार असलेल्या सूक्ष्म कणांना विजेच्या जोरावर वेग देणारे यंत्र, ते कणत्वरक. हे काही परलोकीचे यंत्र नव्हे. जुन्या काळचा जाड काचेचा दूरचित्रवाणी संच ज्यांच्या घरी होता, त्यांच्या दिवाणखान्यात एक छोटा कणत्वरकच नांदत होता. मोठ्या यंत्रांसाठी आपणांस मुंबईपर्यंत गेले की पुरे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ साली 'पेलेट्रॉन' हा त्वरक सुरू झाला. तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 'लेहिपा' नावाचा प्रोटॉन-त्वरक उभा आहे. आपल्या विषयासाठी हा लेहिपा फार सोयीचा, म्हणून प्रथम त्याचीच ओळख करून घेऊ.

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन काढून टाकला की उरतो तो प्रोटॉन. लेहिपाच्या उगमस्थानातून प्रोटॉन ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन बाहेर पडतात. त्या वेळी त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३,१०० किलोमीटर असतो. पहिल्या टप्प्यात ही ऊर्जा ३० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेली जाते. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी ती २ कोटींवर पोहोचते आणि वेग सेकंदाला सुमारे ६१,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या हिश्श्याइतका होतो. २०२३ साली या यंत्राने हा २ कोटींचा पल्ला गाठला.

आता हा वेग देतात कसा? झोक्यावर बसलेल्या मुलाला आपण नेमक्या क्षणी धक्का देतो. क्षण चुकला तर झोका अडतो. लेहिपातील विद्युत्‌क्षेत्र सेकंदाला सुमारे ३५ कोटी वेळा मागेपुढे होते. ते पुढे ढकलीत असेल तेव्हा प्रोटॉन मोकळ्या फटीत असला पाहिजे, आणि ते उलटे खेचू लागेल तेव्हा त्याने तांब्याच्या नळीत आडोशाला असले पाहिजे. क्षेत्राच्या एका आंदोलनात प्रोटॉन जितके अंतर कापील तितके अंतर एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंत हवे. दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी हे अंतर जवळपास ७ सेंटिमीटर भरते आणि अखेरीस ते १७ सेंटिमीटरांच्या घरात जाते. मधली प्रत्येक नळी आधीच्या नळीहून किंचित लांब. कण अजून धावलेलाच नाही, तरी तो कोठे किती वेगाने असेल हे ठाऊक असल्याखेरीज नळी कापता येत नाही. आणि तांबे एकदा कापले की ते पुन्हा वाढत नाही! म्हणून यंत्र आधी गणितात उभे करावे लागते. या आभासी उभारणीलाच 'सिम्युलेशन' म्हणतात.

त्या गणितातील पहिले काम म्हणजे पोकळीच्या आत विद्युत्‌क्षेत्र कोठे किती आहे हे काढणे. पोकळीचा नकाशा बारीक चौकोनांच्या वा त्रिकोणांच्या जाळ्याने झाकावयाचा आणि प्रत्येक गाठीशी समीकरण सोडवावयाचे, अशी ही रीत आहे. अमेरिकेतील लॉस अॅलमॉस येथील 'सुपरफिश' ही आज्ञावली १९७६ सालापासून हे काम करीत आली आहे. हा भाग कष्टाचा खरा, पण गूढ नव्हे. खरी पंचाईत पुढे आहे.

प्रोटॉन एकटा नसतो. सारे प्रोटॉन धन भाराचे, त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाला दूर लोटीत असतो. समजा, १० मिलिअँपिअरचा झोत आहे. सेकंदाला ३५ कोटी पुंजके जात असतील तर प्रत्येक पुंजक्यात सुमारे १८ कोटी प्रोटॉन भरतात. आता आमच्या ईदगाहवरचा दाखला घ्या. नमाज झाल्यावर ५०० माणसांनी प्रत्येकाची प्रत्येकाशी गळाभेट घ्यावयाची ठरवले, तर एकूण १,२४,७५० गळाभेटी होतील आणि शिरखुर्मा थंड होऊन जाईल. माणसे दुप्पट झाली की भेटी चौपट होतात. १८ कोटींच्या पुंजक्यात अशा जोड्या निघतात १६ हजार लाख कोटी. सेकंदाला शंभर कोटी जोड्यांचा हिशेब करणारा संगणक लावला, तरी कण केसभर पुढे सरकवण्याच्या एकाच पायरीला सहा महिने लागतील. आणि अशा पायऱ्या हजारो.

मग तडजोड करावी लागते. हजारो प्रोटॉनांचा मिळून एक 'मोठा कण' कल्पावयाचा. त्याचा भार आणि वस्तुमान दोन्ही त्याच प्रमाणात मोठी धरल्याने तो चालतो मात्र एका प्रोटॉनासारखाच. असे लाखभर कण घ्यावयाचे. त्यांच्या आपसांतल्या जोड्याही मोजावयाच्या नाहीत. जागेचे छोटे घनाकार कप्पे पाडून कोणत्या कप्प्यात किती भार आहे एवढे पाहावयाचे आणि त्यावरून सर्वांना मिळणारा धक्का काढावयाचा. सहा महिन्यांचे काम पापणी लवते न लवते तोच होते. येथपर्यंत ऐकून वर्गातील मुले खूश झाली. आम्ही मात्र त्यांना सांगितले की, बाळांनो, चोर येथेच लपला आहे.

लेहिपाकडे पुढील मोठ्या यंत्राची पहिली पायरी म्हणून पाहिले जाते. थोरिअमपासून वीज निर्माण करण्याच्या एका योजनेत १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन-त्वरक कल्पिलेला आहे. अशा यंत्रात ३० मिलिअँपिअरचा झोत धरला तर त्याची शक्ती होते ३ कोटी वॅट. आता या झोतातील काही कण भरकटून नळीच्या भिंतीवर आदळले तर? भिंतीचा धातू किरणोत्सर्गी होऊ लागतो. यंत्र बंद केल्यावरही तो किरणोत्सर्ग तत्काळ जात नाही, आणि पंप बिघडला वा सांधा गळू लागला तर दुरुस्तीस माणूसच आत जाणार. त्या माणसाला हाताने काम करता यावे म्हणून जगभर एक अंगठ्याचा नियम पाळतात: दर मीटरला एक वॅटहून अधिक झोत सांडता कामा नये. ३ कोटी वॅटमध्ये एक वॅट, म्हणजे मीटरमागे तीन कोटी कणांत एक!

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपण संगणकात कण घेतले लाखभर. आपणांस शोधावयाचा आहे तो तीन कोटींतला एक. लाख कणांचे गणित अखेरपर्यंत चालले, एकही कण भिंतीला लागला नाही, पडद्यावर 'हानी शून्य' असे उमटले, तर त्या शून्याचा अर्थ काय घ्यावा? आमच्या मते काहीच नाही. गावातल्या दहा घरी चौकशी करून तालुक्यात देवीचा रोगी नाही असे सांगण्यासारखेच ते आहे. म्हणून आजच्या मोठ्या संगणकांवर कोट्यवधी कण घेऊन गणित करतात. पण कण वाढवून प्रश्न मिटत नाही. भरकटणारे कण असतात पुंजक्याच्या अगदी कडेच्या विरळ झालरीत. ती झालर उगमापाशी नेमकी कशी होती हे आपण गणिताला सांगावे लागते, आणि कोटींतल्या एका कणाची नोंद घेण्याइतके सूक्ष्म मोजमाप उगमापाशी करणे महाकठीण. मग गणित करणारा एखादे सोयीचे, गोंडस, घंटेच्या आकाराचे वितरण धरून चालतो. मधला गाभा त्यात बरोबर येतो. झालर येईलच असे नाही. दुरुस्तीस जाणाऱ्या माणसाचा संबंध मात्र गाभ्याशी नसून झालरीशी असतो.

रेषेत धावणाऱ्या यंत्रातून कण एकदाच जातो. गोल यंत्रात तो त्याच वाटेने फिरत राहतो, आणि तेथे आणखी एक निराळी अडचण उभी राहते. ती मुलांना शब्दांनी पटेना, तेव्हा आम्ही शाळेच्या संगणकावर तक्ता मांडून झोकाच चालवून दाखवला. झोक्याचे स्थान १, वेग ०. प्रत्येक पायरीला नवे स्थान म्हणजे जुने स्थान अधिक वेगाचा दहावा हिस्सा; नवा वेग म्हणजे जुना वेग वजा स्थानाचा दहावा हिस्सा. झोका १ आणि उणे १ यांच्या दरम्यान डोलत राहिला पाहिजे. प्रत्यक्षात शंभर पायऱ्यांनंतर त्याचा पल्ला १.६ च्या पुढे गेला, आणि हजार पायऱ्यांनंतर तो जवळजवळ १४५ झाला! कोणी धक्का दिला नाही, तरी झोका आढ्याला टेकला. मुलांची खात्री झाली की संगणक नादुरुस्त आहे. एकाने तर तो बंद करून पुन्हा सुरू केला.

दोष संगणकाचा नव्हता. मग आम्ही एकच बदल करविला: वेग काढताना जुने स्थान न घेता, नुकतेच काढलेले नवे स्थान घ्यावयाचे. बस्स. झोका शहाण्यासारखा १ च्या आसपास डोलू लागला, आणि हजारच काय, दहा हजार पायऱ्यांनंतरही तसाच डोलत राहिला. दोन्ही रीतींत एका पायरीची चूक जवळपास सारखीच लहान आहे. पहिल्या रीतीत ती एकाच दिशेने साठत जाते. दुसरीत ती पुढेमागे होऊन तेथल्या तेथे जिरते. न्यासाच्या खजिनदारांस हे तत्काळ समजेल. पैशांची गोळाबेरीज करताना दर वेळी वरच्याच बाजूला पूर्णांक केला तर वर्षअखेर ताळेबंद जुळणार कसा? कणत्वरकाच्या गणितासाठी अशा ताळेबंद राखणाऱ्या रीती १९८० नंतरच्या दशकात पद्धतशीर विकसित झाल्या आणि आज त्यांच्याविना पान हलत नाही.

हे किती महत्त्वाचे, ते दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहावे. इंदूर आपल्या मराठी वाचकांस परके नाही. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' नावाचे सुमारे १७२ मीटर परिघाचे कडे आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत असतात. पण वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात आणि त्या ओघात आपली जुनी डळमळ विसरत जातात. प्रोटॉन तसा विसरभोळा नाही. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या महायंत्रात प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. दहा तासांत ४० कोटी. प्रत्येक फेरीतली बारीकसारीक चूक त्याच्या हिशेबी मांडलेली असते. संगणकावर पुष्कळदा दहा लाख फेऱ्यांचे गणित करतात. म्हणजे खऱ्या यंत्रातला अवघा दीड मिनिट! दीड मिनिटाच्या वागणुकीवरून दहा तासांचा अंदाज बांधावयाचा असतो.

शिवाय यंत्रातील चुंबक कागदावरच्या इतके निर्दोष कधीच नसतात. प्रत्येकाच्या क्षेत्रात थोडे वैगुण्य, प्रत्येकाच्या जागेत थोडा फरक. तीस टनांहून जड असे ते चुंबक मिलिमीटरच्या अंशापर्यंत जागेवर बसवणारे सुमारे सात हजार जॅक भारताने सर्नला पुरविले, आणि दुरुस्तीचे अतिवाहक चुंबकही इंदूरच्या केंद्रामार्फत गेले, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. गणितात ही वैगुण्ये मुद्दाम पेरावी लागतात. एक काल्पनिक यंत्र घेऊन भागत नाही. निरनिराळे दोष असलेली अनेक काल्पनिक यंत्रे घेऊन प्रत्येकात कण फिरवून पाहावे लागतात.

या कामाला संगणक पुरेनात, तेव्हा २००४ साली सर्नने लोकांना आवाहन केले की, घरचा संगणक रिकामा असेल त्या वेळी आमचे थोडे गणित करून द्या. लोकांनी उत्साहाने साथ दिली. खातरजमेसाठी एकच गणित दोघांच्या घरी पाठवीत. येथे नवल घडले. दोन घरची उत्तरे जुळेनात! चौकशीअंती कळले की, निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांत घातांक, लॉगरिथम यांसारखी मूल्ये काढताना शेवटच्या अंकात क्वचित एकाचा फरक पडतो. एरवी त्याने कोणाचे काही बिघडले नसते. पण काठावरून जाणाऱ्या कणाच्या गणितात लाखो फेऱ्यांत तो फरक वाढत जातो. एका घरी कण वाचतो, दुसऱ्या घरी हरवतो. अखेर फ्रान्समधील लिऑं येथे तयार झालेला, शेवटचा अंकही ठरल्या नियमानेच देणारा गणिती संच बसवला, तेव्हा साऱ्या घरची उत्तरे अंकन्‌अंक जुळू लागली. उत्तरे जुळली म्हणजे ती निसर्गाशी जुळली असे मात्र नव्हे. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे तंतोतंत सारखी आली की आम्ही शिक्षक काय समजतो, हे वाचक जाणतातच.

आज्ञावली लिहिणाऱ्यांची एक घरगुती अडचणही सांगितली पाहिजे. टाटा संस्थेने स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. त्या पिढीत लिहिण्याची भाषा फोरट्रान होती. यंत्रे बदलली, स्मृती अब्जावधी पटींनी वाढली, पण जुन्या आज्ञावली वडिलोपार्जित वाड्यासारख्या चालूच राहिल्या. एखादी खोली का बांधली होती हे सांगणारा आजोबा आता हयात नाही, आणि भिंत पाडावी तर छत कोसळेल की काय याची धास्ती. सर्नच्या 'जिआंट' या प्रसिद्ध आज्ञावलीबाबत अखेर धाडस करून सारे घर नव्या भाषेत पुन्हा बांधावे लागले. 'जिआंट-४' ही तिची नवी आवृत्ती १९९८ साली बाहेर आली. नव्या घराची पारखही जुन्या प्रयोगांच्या मोजमापांशी ताडूनच करावी लागते. लेहिपासारखे यंत्र टप्प्याटप्प्याने सुरू करतात आणि प्रत्येक टप्प्यावर झोत मोजतात, त्याचे एक कारण हेच. आमच्या त्या विद्यार्थ्याने घरी विचारून आणले की, काकांच्या कंपनीतही साचा संगणकावर कितीही सुरेख चालला तरी पहिला डबा निघाला की तो व्हर्निअरने मोजल्याशिवाय पुढचे काम सुरू करीत नाहीत.

आता हा विषय आपल्या दारापर्यंत कसा येतो ते सांगून लेखणी ठेवतो. 'जिआंट-४' सारख्या आज्ञावली आज रुग्णालयांच्या कामीही येतात. कर्करोगावरील किरणोपचारासाठी आपल्या भागातील कुटुंबे मुंबईस जातात. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ सालापासून प्रोटॉन-झोताने उपचारही होऊ लागले आहेत. प्रोटॉनचा गुण असा की, तो शरीरात ठराविक खोलीवर जाऊन थांबतो आणि थांबता थांबता आपली बहुतेक ऊर्जा तेथेच टाकतो. गाठ १५ सेंटिमीटर खोल असेल तर झोत तेथेच थांबला पाहिजे. किती ऊर्जा द्यावी हे संगणक ठरवतो. पण वाटेतली हाडे, चरबी, स्नायू प्रोटॉनला नेमके किती अडवतील हे क्ष-किरणांच्या चित्रांवरून अदमासाने काढावे लागते. या अनिश्चिततेपोटी खोलीच्या साडेतीन टक्के आणि वर काही मिलिमीटर अशी शिल्लक ठेवण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. १५ सेंटिमीटरांवर साडेतीन टक्के म्हणजे पाच मिलिमीटर. गाठीमागे लागूनच मज्जारज्जू असेल तर हे पाच मिलिमीटर फार मोठे. गणित अधिक खरे करून ही शिल्लक कमी करता यावी, यासाठी अनेक ठिकाणी जाणते लोक झटत आहेत.

रोग्याचे नातेवाईक परत आले की आम्हांस विचारतात, "सर, मशीन तयार होते, माणूस तयार होता, मग चित्रे काढून झाल्यावरही इतके दिवस थांबवून का ठेवले?" त्या दिवसांत रोग्याच्या जागी पाण्याची टाकी वा प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवून, संगणकाने सांगितलेला आकडा त्या खोलीवर खरोखर येतो की नाही, हे मोजून पाहिले जात असते.